सेन्सॉरबाई आणि चिमूटभर बडीशेप

बदलापूर पूर्वेला कात्रपमध्ये राहणाऱ्या मालिनीबाई सोवनींना ‘सेन्सॉरबाई’ हे नाव कुणी ठेवलं, यावर अजून एकमत झालेलं नाही. शाळेतले जुने शिपाई म्हणतात, चित्रकलेच्या मास्तरांनी ठेवलं. ते मास्तर आता हयात नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर काहीही ढकलायला सोपं. बाईंच्या सूनबाईंचं म्हणणं वेगळंच. त्या म्हणतात, नाव शाळेने नाही, आमच्या मामंजींनी ठेवलं, आणि त्याचा सिनेमाशी काही संबंध नव्हता. मग कशाशी होता? ते मात्र सूनबाई सांगत नाहीत, पदराआड नुसत्या हसतात.

नाव बाईंच्या कानावर होतंच. वरकरणी त्या रागवायच्या, आतून त्यांना गुदगुल्या व्हायच्या. का होऊ नयेत? हेडबाई काय, येतात आणि जातात. पण पोरांनी कुठला सिनेमा बघावा आणि कुठला बघू नये, हे ठरवणारी बाई अख्ख्या बदलापुरात एकच. निवृत्त होऊन बाईंना कितीतरी वर्षं झाली, दोन्ही गुडघे बदलून झाले, तरी शाळेने पोरांना सिनेमाला न्यायचं ठरवलं की शाळेचा माणूस आधी बाईंच्या दारात. बाई स्वतः जाऊन सिनेमा पारखून येणार आणि मग एकच शब्द बोलणार, ‘चालेल’ किंवा ‘नको’. कारण विचारायची पद्धत नव्हती.

आणि पारखायची बाईंची रीत मोठी गमतीची. त्या सिनेमा बघायच्याच नाहीत! बरोबर एक मूल घ्यायचं, त्याला खाऊ घेऊन द्यायचा, शेजारी बसवायचं आणि पडदा सोडून त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं.

“पडद्याकडे बघायला सगळं थिएटर बसलंय की,” बाई सांगायच्या. “मी पोराकडे बघते. हसता हसता पोर जिथे मान वळवून मोठ्या माणसाकडे चोरून बघतं ना, तिथे खोट असते. हे काही बरं नाही, हे त्याला आतून कळलेलं असतं. आपण बघितलं की लगेच नजर फिरवतं. एवढं दिसलं की मला बास. गोष्ट नाही कळली तरी चालते.”

हसू नका, रीत लागू पडायची. एकदा एका अगदी देवाधर्माच्या सिनेमाला शिपायाच्या मुलाने सारखी मान वळवली म्हणून बाईंनी ‘नको’ म्हणून सांगितलं. ट्रस्टी चिडले. मग कुणीतरी जाऊन बघून आलं, तर मध्ये एका राक्षसिणीचा असा काही नाच घातला होता की बघून येणाऱ्याने तो दुसऱ्या दिवशी परत जाऊन बघितला. शाळेच्या ट्रस्टचे सेक्रेटरी गुरुदत्त प्रधान तर तो सिनेमा आधीच बघून बसले होते आणि अवाक्षर बोलले नव्हते! त्यावरून त्यांची जी थट्टा झाली ती मिटायला पुढची निवडणूक यावी लागली. बाईंचा शब्द मात्र तेव्हापासून पक्का झाला.

तर, शाळेचा सुवर्णमहोत्सव आला. सकाळी सगळ्या पोरांना थिएटरात सिनेमा, दुपारी मांडवात जेवण, संध्याकाळी मालिनीबाईंचा सत्कार. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शाळेच्या नव्या वाचनालयाला बाईंचं नाव. पाटी रंगवून तयार होती. शाळेच्या मागच्या खोलीत ती भिंतीकडे तोंड करून ठेवली होती, म्हणजे बाईंना आधी दिसू नये. बाईंनी ती केव्हाच बघितली होती. शाळेत काहीतरी विसरल्याचं निमित्त काढून त्या गेल्या, पाटी सरळ केली, बोटाने ‘मालिनी’तल्या वेलांटीवरचा रंग सुकलाय का बघितलं आणि परत होती तशी भिंतीकडे वळवून ठेवली. मुलगा नोकरीतून मोकळा होत नाही, सुनेला त्यांचं बोलणं जुनं वाटतं, नात इंग्रजी शाळेत. मराठी शाळेत जन्म घालवलेल्या बाईंची नात इंग्रजी शाळेत कशी, हे विचारू नका, बाईंनाही कुणी विचारत नाही. बाईंच्या हातात उरलं होतं ते एवढंच, रस्त्यात पाया पडणारी जुनी मुलं आणि आता ही पाटी.

सिनेमा शाळेवरचाच निवडला होता. नवाकोरा मराठी, विनोदी. त्यातल्या मास्तरांची नक्कल बदलापुरातलं शेंबडं पोरसुद्धा करायला लागलं होतं. निम्म्या पोरांनी तो आधीच बघितला होता आणि पुन्हा बघायला त्यांना हवाच होता. हेडबाई नेत्रा मॅडम म्हणाल्या, “बाई, औपचारिकता म्हणून एकदा बघून या. मी तिकिटं सांगून ठेवते.”

औपचारिकता हा शब्द बाईंना लागला. पण त्या गेल्या. उल्हासनगरचं थिएटर, सकाळचा खेळ, बरोबर नात सई.

थिएटरचा मॅनेजर समीर दारातच उभा. “आइये मॅडम, या या. टेन्शनच नको. एकदम क्लीन पिक्चर है. शिवी नाय, लफडा नाय, दारू नाय. हिरॉईनसुद्धा नाय, बोला! पोरांना समोसा मी होलसेलमध्ये देतो. आपका बस एक हां पाहिजे.”

“ते मी बघून सांगेन,” बाई म्हणाल्या.

“बघा ना! बघायलाच तर बनवलाय,” समीर म्हणाला आणि सईच्या हातात पॉपकॉर्नचा मोठा डबा ठेवला. पैसे घेतले नाहीत. बाईंच्या लक्षात आलं, पण त्यांनी पर्स उघडली नाही.

अंधार झाला. बाईंनी नेहमीप्रमाणे खुर्चीत तिरकं बसून सईच्या चेहऱ्यावर डोळे लावले. सई हसली. परत हसली. पॉपकॉर्न घशात अडकेपर्यंत हसली. मास्तर खुर्चीतून पडले, हेडमास्तरांच्या धोतराला घंटेची दोरी बांधली, कवायतीत रांगेत बकरी घुसली. सईची मान एकदाही वळली नाही. बाईंना मनातून बरंच वाटत होतं. चालेल म्हणायचं, नेत्रालाही बरं वाटेल, असा विचार करून त्यांनी सवयीविरुद्ध जरा पडद्याकडे बघितलं.

पडद्यावर मधली सुट्टी झाली होती. कुठलं तरी देशावरचं गाव, पत्र्याची शाळा, केरसुणीएवढ्या मिशांचे मास्तर. मास्तर बाकांमधून वास घेत घेत चालले होते, शिकारी कुत्र्यासारखे. एका मुलापाशी थांबले. डबा उघडायला लावला. सुकटीची चटणी. मास्तरांनी नाक मुरडलं, खिशातून पितळी डबी काढली, मुलाच्या तळहातावर चिमूटभर बडीशेप ठेवली आणि लाडीगोडीच्या आवाजात म्हणाले, “जा राजा, बाहेर बस. तोंडाचा वास गेला की ये हं.”

वर्ग खदाखदा हसला. थिएटरात होती तेवढी माणसंही हसली. काय होतंय हे बाईंना कळायच्या आत त्यांची मान आपोआप वळली. सईकडे. चोरून.

सई पडद्यात बुडाली होती. बाईंनी पटकन नजर फिरवली.

आता खरी गोष्ट सांगायला हवी.

पुष्कळ वर्षांपूर्वी, कात्रपात बिल्डिंगा उगवायच्या आधी, बाई सातवीच्या वर्गाला होत्या. मधल्या सुट्टीत सगळ्यांनी डबे उघडून बाकावर ठेवायचे आणि बाईंनी रांगेतून फिरून बघायचे, हा त्यांचा नेम. पोरं नीट जेवतात का, हे बघायचं, असं त्या सांगायच्या. बघायच्याही. कुणाचा डबा रिकामा असला तर स्वतःची पोळी तोडून द्यायच्या, हे त्यांना द्यावंच लागेल. एका पावसाळ्यात मांजर्लीत नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा शाळेत आणून ठेवलेल्या माणसांना बाईंनी उभं राहून खिचडी वाढली होती. वाईट म्हणावी अशी बाई नव्हे. तेच तर वाईट.

त्या मांजर्लीचीच संजीवनी त्यांच्या वर्गात होती. बाप भातशेतीवर, आई कौसाबाई बाजारात सुकी मासळी विकायची. संजीवनीच्या डब्यात काय असणार? तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. बाई तिच्यावर ओरडल्या नाहीत. बाईंनी आयुष्यात एकाही मुलावर हात उगारला नाही, हे त्या आजही अभिमानाने सांगतात. त्यांनी फक्त पर्समधून बडीशेपेची डबी काढली, चिमूटभर तिच्या तळहातावर ठेवली आणि गोड हसून म्हणाल्या, “जा बाळा, व्हरांड्यात बसून खा. वास गेला की आत ये.” वर्ग हसला. वर्ग हसला म्हणून बाई आणखी जरा हसल्या. दुसऱ्या दिवशी परत. मग ती रोजचीच गंमत झाली. डबीचं झाकण वाजलं की पोरं नाकं दाबायची. संजीवनीला संजीवनी म्हणणारं वर्गात कुणी उरलं नाही, ती ‘सुकट’ झाली. व्हरांड्यात चपलांच्या शेजारी बसून भाकरी खायची आणि वास जाईना म्हणून तास संपेपर्यंत तिथेच बसायची. पुढे ती भाकरीसुद्धा आणेनाशी झाली, पण नाव गेलं नाही. सातवी संपली आणि ती शाळेत यायची बंद झाली.

कौसाबाई एकदा शाळेत आली होती. बाईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मला असं काही आठवत नाही हो, कौसाबाई. पोरं आपापसात चिडवतात. तुम्ही डब्यात पोळीभाजी द्या ना, प्रश्नच मिटला.”

संजीवनी पुढे लग्न होऊन अंबरनाथला गेली, नवरा बरा निघाला नाही, लेक कडेवर घेऊन मांजर्लीत परत आली. आता मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे, शिफ्टमध्ये. तिची लेक शलाका त्याच शाळेत. शलाकाला शाळेत घालायला कौसाबाईच आली होती. नेमक्या बाई ऑफिसात बसलेल्या. कौसाबाई हसत हसतच म्हणाली होती, “बाई, माझ्या नातीला कोनी बडीशेप देऊ नका हां.”

“कसली बडीशेप?” बाईंनी विचारलं होतं. इतक्या निरागस चेहऱ्याने की कौसाबाई ओशाळली.

आणि आता ती बडीशेप पडद्यावर, भिंतीएवढी मोठी.

पुढचा सिनेमा बाईंनी बघितला नाही. शेवटी गॅदरिंगला आलेले पाहुणे त्याच मुलाच्या डब्यातली चटणी बोटं चाटून खातात आणि मास्तरांना बडीशेप देतात, असं काहीतरी होतं म्हणे. सई टाळ्या वाजवत होती.

रिक्षात बसल्यावर सई म्हणाली, “आजी, चालेल ना मग?”

“नको.”

“नको? का? मी तर एकदापण तुझ्याकडे बघितलं नाही! मुद्दाम नाही हां, मला बघावंसं वाटलंच नाही.”

“सई, तुला नाही कळायचं ते.”

“पण रूल तर तुझाच आहे.” सईने बोटांवरचं पॉपकॉर्नचं मीठ चाटलं. मग म्हणाली, “उलट तूच बघितलंस माझ्याकडे. त्या डब्याच्या सीनला. मला वाटलं तुला पॉपकॉर्न हवेत.”

बाईंनी पदर सारखा केला. रिक्षावाल्याने आरशातून मागे बघितलं तशा त्या त्याच्यावरच खेकसल्या, “पुढे बघा, पुढे!”

मीटिंग हेडबाईंच्या खोलीत झाली. नेत्रा मॅडम, प्रधान, बाई आणि पालकांच्या वतीने कौसाबाई. खरं तर पालक म्हणून नाव संजीवनीचं, पण तिची दिवसपाळी असली की म्हातारी येऊन बसायची. चहा-बिस्किटं आली. दोन मिनिटांचं काम, असं सगळे धरून चालले होते.

“मग बाई, सांगू ना तिकिटं?” नेत्रा मॅडम म्हणाल्या.

“नको.”

प्रधानांनी चहात बुडवलेलं बिस्कीट तिथेच राहिलं.

“नको म्हणजे... बाई, मी स्वतः बघितलाय. मुलाला घेऊन गेले होते. काहीसुद्धा नाहीये त्यात,” नेत्रा मॅडम म्हणाल्या.

खोलीत असं कुणी बाईंना आजवर बोललं नव्हतं. बाई ताठ झाल्या. “शिक्षकांची टिंगल आहे त्यात.”

“एका मास्तरांची आहे. आणि असतात हो बाई तसे मास्तर. आमच्या गावाकडं होते एक, ते तर डबे बघायचे आणि त्यातलं चांगलं चांगलं खाऊन टाकायचे!”

प्रधान हसले. कौसाबाई हसली. तिने सिनेमा शलाकाबरोबर बघितला होता, पण त्याबद्दल ती अजून एक शब्द बोलली नव्हती. हात मांडीवर ठेवून खुर्चीच्या कडेला बसली होती.

बाईंनी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. त्या खोलीत एकालाही तो सिनेमा आणि बाई यांची सांगड घालायचं सुचलं नव्हतं. मिशीवाला मास्तर कुठे, पत्र्याची शाळा कुठे आणि कात्रपच्या सोवनीबाई कुठे! कौसाबाईला एकटीला सुचलं असेल, तर तीही गप्प होती. पण पाटीवरची वेलांटी बाईंच्या डोळ्यांसमोर नाचत होती, आणि माणूस घाबरलं की त्याला वाटतं, सगळ्यांना सगळं दिसतंय.

“मुलांच्या मनात काय राहणार याचा विचार करा,” बाईंचा आवाज चढला. “शिक्षक म्हणजे डब्यात नाक खुपसणारा माणूस, असंच ना? आम्ही डबे बघायचो ते मुलांच्या तब्येतीसाठी. आणि ती बडीशेप! बडीशेप म्हणजे काय शिक्षा असते? शिक्षा म्हणून बडीशेप कोण देतं? मुखशुद्धी असते ती. मी आपली गोड हसून द्यायचे. एकदा तरी हात उगारला का मी तिच्यावर?”

“कुणावर?” प्रधानांनी विचारलं.

बिचाऱ्यांनी खरंच साधेपणाने विचारलं. ते बदलापूरला आले ते अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त होऊन, त्यांना जुनं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. बिस्कीट एव्हाना मोडून कपाच्या तळाशी गेलं होतं.

उत्तर कौसाबाईने दिलं.

“माझ्या संजीवनीवर,” ती म्हणाली. “नाय उगारला हात. बाई खरं तेच बोलतात.”

नेत्रा मॅडम एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघायला लागल्या.

“म्हंजे बाई,” कौसाबाई सावकाश म्हणाली, “तुमाला आठवतंय.”

“कौसाबाई, हा विषय वेगळा...”

“नाय, नाय, ऱ्हाऊ द्या. भांडत नाय मी. मी येडी इतकी वरसं समजून होते, बाई मोठी मानसं, शंभर पोरं हाताखालून गेली, इसरल्या असतील. पोरीला पन तेच सांगायची. जाऊ दे गो, म्हनायची, त्यांना ठावं पन नाय आपन काय केलं ते. ठावंच नाय त्याचा राग काय धरायचा? म्हनून तर रोज बाजारात नमस्कार घालायची तुमाला.” तिने गुडघ्यावर हात टेकून उठायला घेतलं. “तुमाला तर बडीशेप पन आठवते. हसलेलं पन आठवतं.”

एक क्षण होता. नेत्रा मॅडम अजूनही सांगतात, त्यांना वाटलं, आता बाई उठतील, म्हातारीचा हात धरतील. काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती. कौसाबाईसुद्धा उठता उठता जराशी थांबली होती, थांबायचं काही कारण नसताना.

बाईंनी पर्सची चेन लावली. “नेत्रा, माझं मत मी सांगितलंय. हा सिनेमा मुलांसाठी योग्य नाही. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा.”

पुढचं काय ठरायचं! सत्कार तोंडावर आला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या, पाटी रंगवून झाली होती. प्रधान म्हणाले, बाईंच्या शब्दाबाहेर आपण कधी गेलो नाही. मग ते कौसाबाईच्या मागे व्हरांड्यापर्यंत धावले. “कौसाबाई, जुन्या गोष्टी आहेत. कार्यक्रमाच्या तोंडावर कुठे बोलू नका, काय?”

“मी कशाला बोलू?” कौसाबाई चपला घालत म्हणाली. “साहेब, रविवारचे बोंबील पोचवू का मागच्या दाराने? का आता तेवढेबी नको?”

प्रधानांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात सांगितलं, “पोचवा.”

कौसाबाईने शब्द पाळला, ती कुठे बोलली नाही. बोलल्या त्या प्रधानवहिनी, भजनी मंडळात. तिथून पुढे काय, ते सांगायला नको. ज्यांनी सिनेमा बघितला होता त्यांनी परत जाऊन बघितला, या वेळी बाईंना शोधायला. मिशीवाल्या मास्तरांना पोरं आता ‘सोवनीबाई’ म्हणायला लागली. कुणाच्या ध्यानीमनी नसलेली गोष्ट बाईंनी स्वतःच्या तोंडाने दवंडी पिटून सांगितली होती.

सुवर्णमहोत्सवाला पोरांना दुसराच सिनेमा दाखवला. झाडं लावा, पाणी वाचवा अशा मजकुराचा. बाईंनी तो न बघताच ‘चालेल’ म्हणून सांगितलं होतं. पोरं मध्यंतरापर्यंत जांभया देत होती, मध्यंतरानंतर समोसे फेकत होती. समीर कपाळाला हात लावून म्हणाला, “अच्छा खासा क्लीन पिक्चर था यार! उसमें प्रॉब्लेम क्या था?” त्याला कुणी सांगितलं नाही.

दुपारी मांडवात पंगत बसली. बाई मधोमध, फुलांच्या आरासीखाली. जेवणं झाली, आणि आचाऱ्याचा माणूस ताट फिरवत आला. रीतच आहे, जेवण झालं की मुखशुद्धी. त्या बापड्याला काय ठाऊक! ताट बाईंच्या पुढ्यात आलं आणि अख्ख्या पंगतीने खाली माना घातल्या. कुणी पत्रावळ बघायला लागलं, कुणी पाण्याचा ग्लास. मागच्या रांगेत कुणाचं तरी दाबलेलं हसू नाकातून सुटलं. ताटात बडीशेप होती, हिरवीगार, वर रंगीत गोळ्या.

“घ्या ना बाई,” माणूस म्हणाला.

बाईंनी चिमूटभर घेतली. न घेणं त्याहून वाईट दिसलं असतं. चावली की नाही, ते दिसलं नाही. संध्याकाळी शाल आली, श्रीफळ आलं, पाटीवरचा पडदा बाजूला झाला, टाळ्या वाजल्या. फुलं द्यायला शलाकाचं नाव ठरलं होतं. त्या दिवशी ती आली नव्हती. सईने क्लासचं निमित्त सांगितलं. मुलगा सुयोग तेवढा आला होता, मागच्या खुर्चीत मोबाईल बघत.

पण बाईंना जे लागलं, ते हे नव्हे.

बाजारात सुक्या मासळीच्या बायकांची रांग आहे. भाजी घ्यायला जायचं तर तिथूनच जावं लागतं. वर्षानुवर्षं बाई नाकाला पदर लावून तिथून जायच्या आणि कौसाबाई मासळीच्या पाटीमागून हात जोडायची, “नमस्कार बाई, बऱ्या हाव ना?” बाई मानेने होकार द्यायच्या. सत्कारानंतर पहिल्यांदा त्या तिथून निघाल्या, तेव्हा कौसाबाईने नमस्कार घातला नाही. ती उठून उभी राहिली, आपल्या पाटीवर स्वच्छ धुतलेलं गोणपाट पसरलं आणि शेजारणीला म्हणाली, “झाका गो, बाई आल्या. बाईंना वास नको.”

शेजारणीने झाकलं. तिच्या शेजारणीने झाकलं. रांगेच्या टोकापर्यंत बायका उठून उभ्या राहिल्या आणि पाट्या झाकल्या गेल्या. गिऱ्हाईकं खोळंबली. कुणी हसलं नाही, कुणी वाकडं बोललं नाही. इतक्या अदबीने बाईंना कुणी कधी वाट दिली नव्हती. बाई गेल्यावर गोणपाटं उचलली गेली आणि भाव परत सुरू झाले.

दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेपासून बाई लांबून, गटाराच्या कडेच्या चढाच्या गल्लीतून भाजीला जायला लागल्या. नव्या गुडघ्यांना तो चढ झेपत नाही, पण जातात.

एका संध्याकाळी सई बरोबर होती. क्लास सुटला होता, तिला भूक लागली होती. “आजी, एवढं लांबून कशाला?” म्हणत तिने आजीचा हात धरून तिला सरळ वाटेने ओढलं. बाईंना कारण सांगता येईना. सई पुढे, बाई मागे. रांगेपाशी आल्यावर सईने नाक वर केलं. “अहाहा, काय मस्त वास येतोय! बाबा मला हॉटेलात देतो ना, तसा...” आणि तिने जीभ चावली, कारण सुयोग तिला मासे खिलवतो हे बाई सोडून साऱ्या कात्रपला ठाऊक होतं आणि बाईंना कळू द्यायचं नव्हतं.

कौसाबाई उठून उभी राहिली. “झाका गो,” ती हळूच म्हणाली.

एकेक पाटी झाकली जाऊ लागली. सई थबकली. तिने कौसाबाईकडे बघितलं, झाकलेल्या पाट्यांकडे बघितलं, उठून उभ्या राहिलेल्या त्या बायकांकडे बघितलं. थिएटरातल्या अख्ख्या सिनेमात एकदाही न वळलेली तिची मान हळूहळू वळली, आजीच्या चेहऱ्याकडे.

बाईंनी बघितलं, तशी तिने नजर फिरवली.